पूर ओसरल्यानंतर सीनाकाठच्या गावांत नेमके काय काम करावे?

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. यंदा, म्हणजे २०२५ साली, घटस्थापनेच्या सुमारास सीना नदीला आलेला पूर केवळ आपल्या सोलापूर जिल्ह्यातील पावसाचा नव्हता. अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत झालेल्या अतिवृष्टीचे पाणी सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या प्रकल्पांतून खाली आले आणि करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंतची नदीकाठची गावे त्या पाण्याने वेढली गेली. माढा तालुक्यात दारफळ, उंदरगाव, वाकाव अशा गावांतून लोकांना बाहेर काढावे लागले. लांबोटीच्या पुलापाशी पाणी चढल्यामुळे सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. ज्या जिल्ह्याची सरकारदरबारी ओळख अवर्षणप्रवण अशी आहे, ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला टँकर आणि चारा छावण्या ठाऊक आहेत, त्याच्या दारात सैन्यदलाची आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसे बोटी घेऊन आली.

पहिल्या पंधरवड्यात मदतीचा ओघ मोठा होता, आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. शहरातील मंडळांनी नवरात्रातील खर्च बाजूला ठेवून किराण्याची पाकिटे बांधली, डॉक्टरांनी शिबिरे घेतली, आणि पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतूनही चादरी, टॉवेल आणि धान्य जमा झाले. आता दिवाळी तोंडावर आली आहे. फराळाचे डबेही जातील. मला काळजी आहे ती दिवाळीनंतरची. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे थांबतील, गाड्या थांबतील, आणि तेव्हाच शेतकऱ्याच्या हातात रब्बीची पेरणी, बुजलेली विहीर, मेलेल्या गाईच्या जागी काय आणायचे हा प्रश्न आणि मुलाचे महाविद्यालयाचे शुल्क असे सगळे एकत्र येईल.

माझे मूळ गाव सीनेच्या काठी आहे आणि मी सोलापूर शहरात राहतो. आम्ही काही मित्रांनी ठरवले आहे की अनेक गावांत थोडे थोडे वाटप करण्यापेक्षा एकाच गावाशी बांधून घ्यावे, आणि रब्बीचे पीक घरात येईपर्यंत तेथे जात राहावे. कामांची यादी आम्ही करायची नाही, ती गावाने करायची, आणि आम्ही त्या यादीतील जे जमेल ते करायचे, एवढेच सूत्र धरले आहे. या धाग्यावर ज्यांनी असे काम पूर्वी केले आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा, आणि जे पूरग्रस्त गावांतच राहतात त्यांनी कोणत्या मदतीचा खरोखर उपयोग झाला व कोणत्या मदतीने अडचण वाढली हे स्पष्टपणे सांगावे, अशी विनंती आहे.

जुनी वही

सीनाकाठ, आपण विषय योग्य वेळी काढला आहे. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात शिकवत असे आणि १९९३ साली विद्यार्थ्यांबरोबर किल्लारी परिसरात गेलो होतो. ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत असताना दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद त्यांच्या अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसे गेली. जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणले जात होते आणि शहरातील सामान्य माणसे रक्त देण्यासाठी, डबे पोचवण्यासाठी, नातेवाइकांची नावे फलकावर लिहिण्यासाठी धावली होती. त्या दिवसांतील सोलापूर मला आजही अभिमानाने आठवते.

मात्र त्याच दिवसांत किल्लारीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बघ्यांची गर्दी इतकी झाली की मदतीची वाहने अडकून पडत. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडले. ज्या बाईने आदल्या रात्री आपल्या घरातील तीन माणसे गमावली होती तिच्यापुढे कोणाच्या तरी फाटक्या साड्यांचे गाठोडे टाकले जात होते, आणि तिने ते घेतले नाही तर तिला माज आला आहे असे बोलले जात होते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणून मी नेहमी सांगतो की आपण स्वतः जे वापरणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, आणि देताना समोरचा नको म्हणाला तर ते शांतपणे परत न्यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नंतरच्या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नव्या गावांत सरळ आखलेले रुंद रस्ते आणि ओळीत बांधलेली घरे होती, पण पुष्कळ ठिकाणी गोठ्याला, कडब्याच्या गंजीला आणि भावकीच्या एकत्र ओट्याला जागाच राहिली नव्हती. ज्यांना त्या घरात राहायचे होते त्यांना आधी पुरेसे विचारले गेले नाही, हे त्यामागचे कारण होते. याउलट ज्या गावांत जुनीच घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती तेथे गावातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्याचा प्रयोग झाला. सरकारी अभियंता आणि गावकरी यांच्यामध्ये उभे राहून या स्त्रियांनी सिमेंट कुठे मिळते, हप्ता कधी येतो, कोपऱ्यात सळई का घालायची हे घरोघरी समजावले. त्या कामातून तयार झालेले बचत गट पुढे कितीतरी वर्षे टिकले. आपण म्हणता तसे यादी गावाने करावी, पण गाव म्हणजे केवळ पारावर बसणारे पुरुष नव्हेत, हेही तेव्हाच ध्यानात घ्यावे.

नवी_पेरणी

नमस्कार. मी सोलापूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. आमच्या गटातील मुला-मुलींची मनापासून इच्छा आहे, पण आम्हाला फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी येता येईल, आणि आमच्याकडे पैसेही नाहीत. गावातील लोकांना आमची अडचण होऊ नये असेही वाटते. अशा परिस्थितीत आम्ही यावे की नाही, आणि आलो तर काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

पाणवठा

नवी_पेरणी, आपण अवश्य यावे. आपल्याला करता येईल असे काम भरपूर आहे, मात्र आधी स्वतःच्या आरोग्याची तजवीज करावी लागेल. मी मोहोळ तालुक्यात आरोग्य सेवेत काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

पुराच्या चिखलात जनावरांचे मूत्र, मेलेल्या प्राण्यांचे अवशेष आणि संडासांतील घाण मिसळलेली असते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरील लहानशा जखमेतूनही शरीरात जातात, आणि ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या दुखणे अशी लक्षणे काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे यांशिवाय कोणीही गाळात उतरू नये. चपलेवर काम करण्यात कसलेही शौर्य नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या प्रतिबंधासाठी दिल्या जातात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. घरातील कोपऱ्यात, भिजलेल्या सरपणात आणि पत्र्यांखाली साप असतात, म्हणून आधी लांब काठीने हलवून मगच हात घालावा.

आता पाण्याविषयी. नदीकाठच्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ती विहीर उपसून, गाळ काढून, मगच शुद्धीकरण करावे लागते. उपसा न करता वरून टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त पूड) टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडते आणि पाणी दिसायला स्वच्छ, पण प्यायला धोक्याचे राहते. स्वच्छ केलेल्या विहिरीतील १,००० लिटर पाण्यासाठी साधारण ५ ग्रॅम ताजी टीसीएल पावडर लागते. ती थेट टाकायची नसते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून ठेवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे आणि अर्ध्या तासानंतर क्लोरोस्कोपने (पाण्यातील क्लोरीन तपासण्याच्या साधनाने) तपासायचे. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे आणि त्याला ते येते. पण पुरानंतर त्याचे स्वतःचे घरही वाहून गेलेले असू शकते, तेव्हा त्याच्या हाताखाली दोन तरुण मुले असतील तर त्याला मोठा आधार होतो. हातपंप, टाक्या, शाळेतील पिंप, वस्तीवरील बोअर, सर्व ठिकाणी जाऊन तपासणी करणे आणि वहीत नोंद ठेवणे हे आपल्या गटाला सहज जमेल.

आणखी एक काम आहे. वस्तीवस्तीवर जाऊन कोणाच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पुरात वाहून गेल्या आहेत, कोण गरोदर आहे, कोणाला क्षयरोगाचे औषध चालू आहे, याची विचारपूस करून ती माहिती आशाताईंकडे पोचवावी. म्हातारी माणसे स्वतःहून सांगत नाहीत. घरातील बाकीचे नुकसान मोठे असताना आपल्या गोळ्यांचा विषय काढणे त्यांना बरे वाटत नाही.

वाफसा

मी सीनेच्या काठावर शेती करतो. घराला पाणी लागले, पण माणसे आणि जनावरे वाचली, म्हणून मी स्वतःला सुदैवी समजतो. शेतीविषयी काही गोष्टी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मदत करू इच्छिणाऱ्या शहरातील माणसांना शेतीचे नुकसान म्हणजे केवळ पीक गेले असे वाटते.

पीक तर गेलेच. तूर, सोयाबीन, कांदा पाण्याखाली कुजला, ऊस आडवा झाला. पण पीक एका हंगामाचे असते. आमच्या भागात दोन प्रकारचे नुकसान त्याहून खोल आहे. काही शेतांत दोन-तीन फूट गाळ आणि वाळू येऊन बसली, आणि काही शेतांतील काळी माती पूर्णपणे खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. दोन्हींवर उपाय वेगळा आहे. गाळ आलेल्या शेतात सगळा गाळ काढून टाकणे दरवेळी गरजेचे नसते. तो बारीक पोयट्याचा असेल तर वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकल्यावर, नांगरून जमिनीत मिसळता येतो, वाळू असेल तर मात्र काढावीच लागते. आधी गाळ ओळखावा, मगच यंत्र लावावे, नाहीतर लोकवर्गणीतून आणलेल्या जेसीबीचे डिझेल वाया जाते आणि कधीकधी चांगली मातीही उचलली जाते.

मुरूम उघडा पडलेल्या शेताला माती बाहेरून आणावी लागते. तलावांतील आणि पाझर तलावांतील गाळ हाच त्यासाठीचा खरा स्रोत आहे, आणि तो पाणी आटल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत काढता येतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ पासून आहे. म्हणजे ज्या स्वयंसेवकांना सर्वांत मोठे काम करायचे आहे त्यांनी आजच्यापेक्षा उन्हाळ्यात यावे. तलावाचे ठिकाण ठरवणे, प्रस्ताव लिहिणे, कोणाच्या शेतात किती खेपा टाकल्या याची चोख नोंद ठेवणे, आणि लहान शेतकऱ्याच्या, विधवेच्या, भावकीत दबलेल्या माणसाच्या शेतातही माती पडते आहे ना हे पाहणे, या कामासाठी बाहेरचा निःपक्षपाती माणूस फार उपयोगी पडतो. गावातील माणसाला तेच बोलायला अवघड जाते.

बियाण्याच्या वाटपाबद्दल विनंती आहे की कृषी खात्याच्या माणसाला किंवा गावातील जाणत्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बियाणे आणू नये. रब्बी ज्वारीची पेरणी आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. यंदा त्या काळात शेतात पाणीच होते. ज्या जमिनीला वाफसा उशिरा येईल तेथे ज्वारी उतारा देणार नाही. तेथे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हरभरा आणि पाण्याची सोय असल्यास त्यानंतर गहू असा विचार करावा लागेल. मात्र ज्वारी गेली की धान्याबरोबर कडबाही जातो, आणि कडबा नसेल तर जनावरे विकावी लागतात. म्हणून चाऱ्याची मदत डिसेंबरनंतर सर्वांत जास्त लागणार आहे. मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा, उसाचे वाढे, मक्याचे आणि चाऱ्याच्या ज्वारीचे बियाणे यांची तजवीज आतापासून कोणी केली तर ती मोठीच मदत ठरेल. एखाद्या गाईची धार चालू राहिली तर त्या घराचा रोजचा बाजार चालू राहतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो खास सोलापूर शहरातील लोकांसाठी आहे. नदीकाठच्या जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याची मोटार, स्टार्टर आणि केबल पाण्यात गेली आहे. ठिबकचे पाइप वाहून गेले किंवा गाळाने बुजले आहेत. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे रांगा आहेत आणि रब्बीला पहिले पाणी देण्याची वेळ कोणासाठी थांबत नाही. सोलापुरात मोटारींची कामे करणारे वायरमन आहेत, यंत्रमागांची दुरुस्ती-देखभाल करणारे जॉबर आहेत, आयटीआयची मुले आहेत. त्यांनी गावात येऊन शाळेच्या पटांगणात दोन दिवस बसून स्टार्टर उघडून धुऊन, सुकवून, तपासून दिले तर किराण्याच्या शंभर पाकिटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. घरांतील वायरिंगही तपासायला हवे. ओल्या बोर्डावर मेन स्विच चालू केल्यास जीव जाऊ शकतो. ज्याच्या हातात कला आहे त्याने ती घेऊन यावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

हिशेब

सर्वांचे लेखन आदराने वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडणे मला कर्तव्य वाटते. प्रवासखर्च, जेवणखाण, गाड्या यांवर स्वयंसेवकांचा जो पैसा जातो तो मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिला तर अधिक योग्य ठिकाणी पोचेल, असे मला वाटते. पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आहे. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे, दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये, गाळ भरलेल्या विहिरीसाठी ३०,००० रुपये अशा तरतुदी आहेत. एवढ्या मोठ्या रकमेपुढे आपली लहान लहान पाकिटे काय करणार? शिवाय आपण शासनाची कामे करू लागलो तर शासनाला जाब कोण विचारणार, हाही प्रश्न आहे.

सीनाकाठ (धागाकर्ता)

हिशेब, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. निधीला पैसे देण्यास माझा विरोध नाही, ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी अवश्य द्यावेत. परंतु आपण ज्या तरतुदी दिल्या आहेत त्यांतील प्रत्येक रुपया पंचनाम्यावरून जातो, आणि आमचा प्रत्यक्ष अनुभव असा आहे की सर्वांत जास्त नुकसान ज्याचे झाले त्याचेच कागद सर्वांत अपुरे असतात.

कारणे अनेक आहेत. जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे आणि वारसनोंद झालेली नाही. सातबारावर पाच भाऊ आहेत, त्यांतील दोघे पुण्यात आहेत आणि संमतीपत्रावर सही करायला आलेले नाहीत. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नाही, किंवा जोडलेले आहे पण ते वापरात नसलेले जुने खाते आहे. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नाही. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि पासबुक पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटी वाहून गेली. वाट्याने शेती करणाऱ्याचे आणि शेतमजुराचे नाव तर कोणत्याही उताऱ्यावर नसते. वाहून गेलेल्या जनावराचा मृतदेहच सापडला नाही तर ते होते हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न कितीतरी घरांत आहे, आणि तेथे कानातील बिल्ल्याचा क्रमांक, दूध डेअरीचे पुस्तक किंवा लसीकरणाची नोंद शोधून द्यावी लागते.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्याकडे प्रत्येकी अनेक गावे आहेत. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, त्यांतील कित्येक जण पुराच्या दिवसांत घरी गेले नव्हते. पण एका माणसाला किती उंबरे गाठता येणार? स्वयंसेवकाने शासनाचे काम स्वतः करू नये हे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्याने शासनाचे काम त्या उंबऱ्यापर्यंत पोचवावे, यादीत नाव आले की नाही ते पाहावे, नसेल तर अर्ज लिहून त्याची पोच घ्यावी आणि पुन्हा पुन्हा तहसील कार्यालयात जाऊन विचारावे. जाब विचारणे म्हणजे हेच आहे, आणि ते काम शहरातून पैसे पाठवून होत नाही.

पाकिटांबद्दल आपल्याशी मी सहमत आहे. त्यांची वेळ आता संपली आहे.

हिशेब

आपले उत्तर पटले. मी लेखा विभागातून निवृत्त झालो आहे आणि अर्ज, हरकती, नमुने यांत माझे आयुष्य गेले. आपल्या गावात आठवड्यातून एक दिवस बसून कागदपत्रांचे काम करण्यास मी तयार आहे. मात्र दोन अटी आहेत. कोणाचीही मूळ कागदपत्रे आपल्या ताब्यात ठेवायची नाहीत, फक्त छायाप्रती घ्यायच्या. आणि कोणाच्याही मोबाइलवर आलेला ओटीपी आपण विचारायचा नाही. पुरानंतर गावांत मदतीच्या नावाखाली फसवणारे लोकही फिरू लागतात, आणि एकदा असा प्रकार घडला की खऱ्या स्वयंसेवकावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कडक_भाकरी

मी शहरात घरगुती भाकरीचा व्यवसाय करते. आमच्या बचत गटाने पहिल्या आठवड्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवली होती. ती शिजवावी लागत नाही, महिनाभरही टिकते आणि ती आमच्या जिल्ह्यातील माणसाच्या रोजच्या जेवणातली आहे, म्हणून तिचा उपयोग झाला. पॅकबंद नूडल्स आणि बिस्किटे पुष्कळ आली होती, पण ज्यांच्या घरी चूलच पेटत नव्हती त्या म्हाताऱ्या माणसांना त्याने काय होणार?

आता मला स्त्रियांबद्दल लिहायचे आहे, कारण वरील चर्चेत त्यांचा उल्लेख फक्त जुनी वही सरांनी केला. ज्या घरांच्या भिंती पडल्या त्या घरांतील न्हाणीघर आणि संडासही पडले आहेत. दिवस उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यानंतर बाहेर जावे लागते, आणि वाटेवर चिखल व साप आहेत. ही गोष्ट गावाच्या बैठकीत कोणतीही बाई उभी राहून सांगणार नाही. त्यासाठी स्त्री स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे, चुलीपाशी बसून बोलले पाहिजे. पत्रे आणि बांबू आणून तात्पुरती न्हाणीघरे उभारणे एका दिवसाचे काम आहे. सॅनिटरी पॅड, आतले कपडे, परकर यांची मदत नवी आणि झाकलेल्या पिशवीतून द्यावी. शिलाई मशीन गाळाने भरलेल्या बऱ्याच घरांत आहेत. ती दुरुस्त करून देता आली तर त्या बाईची मिळकत पुन्हा सुरू होईल. ज्या स्त्रियांवर बचत गटाचे किंवा खाजगी वित्तसंस्थांचे हप्ते आहेत त्यांच्याकडे वसुली करणारे पुन्हा येऊ लागले आहेत, आणि त्याची भीती पुराच्या भीतीपेक्षा कमी नाही. याबाबत हिशेब काकांनी मार्गदर्शन केले तर फार बरे होईल.

हिशेब

ताई, हप्त्यांचा विषय मी समजून घेऊन येथे लिहीन. तोपर्यंत कोणीही जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घेऊ नये आणि कोऱ्या कागदावर सही करू नये, एवढे सर्वांना सांगावे.

पाटी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमची शाळा पुराच्या काळात निवारा होती. आता वर्ग पुन्हा सुरू झाले आहेत, पण ढग भरून आले की पहिली-दुसरीची मुले दप्तर आवरू लागतात आणि एक मुलगा तर रोज मला विचारतो की आज धरणातून पाणी सोडणार आहेत का. नवी पुस्तके मिळाली, वह्या मिळाल्या, त्या कमी नाहीत. मुलांबरोबर खेळायला, गोष्टी सांगायला, त्यांच्याकडून चित्रे काढून घ्यायला आणि त्यांचे बोलणे ऐकायला नियमितपणे येणारी तीच ती माणसे हवी आहेत. दर रविवारी नवे चेहरे आले आणि प्रत्येकाने मुलांना पुराचा प्रसंग पुन्हा सांगायला लावला तर मुलांना त्रासच होतो. त्यांची छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हीही विनंती आहे.

नवी_पेरणी, आपल्या गटातील मुली या कामासाठी येऊ शकतील का? दहावी-बारावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवण्याचीही गरज आहे. त्यांच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहेत आणि कित्येकांचे सगळे टिपण भिजले आहे. भिजलेल्या वह्या आणि गुणपत्रिका उन्हात न टाकता सावलीत, पानांच्या मध्ये कोरा कागद घालून सुकवल्या तर पुष्कळशा वाचतात, हे आम्ही करून पाहिले आहे.

नवी_पेरणी

पाटी मॅडम, आमच्या गटातील चार मुली आणि दोन मुले दर रविवारी तेच ते येतील असे आज बैठकीत ठरले. परीक्षा संपेपर्यंत गटात बदल करणार नाही. आयटीआयमध्ये शिकणारा माझा भाऊ आणि त्याचे दोन मित्र स्टार्टर दुरुस्तीसाठी येण्यास तयार आहेत. त्यांच्या निदेशकांनीही बरोबर येतो असे सांगितले आहे. वाफसा दादा, त्यांनी कोणती साधने आणावीत?

वाफसा

त्यांनी मल्टिमीटर, मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) मिळाल्यास तो, टेस्टर, पाने, पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनर, इन्सुलेशन टेप आणि स्टार्टरचे सुटे भाग आणावेत. सुट्या भागांचे पैसे शेतकरी देतील, ते फुकट नकोत. मजुरी घेतली नाही एवढेच पुरे आहे. गावात वीज कधी असते याचे वेळापत्रक मी आदल्या दिवशी कळवतो. जेवणाची सोय गाव करील, आणि ती नाकारू नये. लोकांना आता कोणाला तरी वाढायची फार इच्छा आहे.

सीनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. गावातील बैठक भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी शाळेत ठेवली आहे. स्त्रियांची बैठक त्याच दिवशी दुपारी वेगळी होईल आणि ती कडक_भाकरी ताई व पाटी मॅडम चालवतील. दोन्ही बैठकींत निघालेली कामे एकत्र करून मी येथे लिहीन, आणि ज्याला जे जमेल त्याने त्यापुढे आपले नाव घालावे. पाणवठा ताई, गमबूट एकत्र खरेदी केल्यास स्वस्त पडतील, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पायाचे माप बुधवारपर्यंत कळवावे. तलावांतील गाळाच्या प्रस्तावासाठी कोणकोणते कागद लागतात ते मी तहसील कार्यालयात विचारून आलो की लिहितो.

पाणवठा

मुलींसाठी पाच आणि सहा नंबरचे गमबूट बाजारात लवकर मिळत नाहीत, ते आधी सांगून ठेवावे लागतील. माझ्याकडे दोन जोड आहेत, ते मी घेऊन येते.